पुण्यातली इमारत वाचायची कशी?
आधी दरवाज्याचं तोंड कुठे आहे ते बघा, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला, दिल्लीच्या दिशेने, वर हत्ती रोखणारे अणकुचीदार खिळे, म्हणजे पेशव्यांच्या काळात मराठ्यांची नजर कुठे होती ते लगेच कळतं. मग मटेरियल बघा, विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब तर हात लावून बघावेसे वाटतात.

विद्यापीठाची मुख्य इमारत ब्रिटिश गव्हर्नरसाठी बांधलेली, थाट इटालियन. तिथून आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत जा, मला सगळ्यात भारी हेच वाटतं, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी मधोमध पायऱ्यांचं कुंड केलंय आणि सोबत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाईन यांचे पुतळे, स्वतंत्र भारत आपली परंपरा जपत जगाशी नातं सांगतोय ना! फक्त आत शिरण्याआधी गेटवर परवानगी विचारा.