हिमनदीवर विमानाचे अवशेष दिसले तर

७ फेब्रुवारी १९६८ला चंदीगडहून लेहला निघालेलं वायुदलाचं एएन-१२ हे सोव्हिएत बनावटीचं वाहतूक विमान खराब हवामानामुळे मागे वळलं आणि रोहतांगच्या परिसरात बेपत्ता झालं. आत १०२ जण होते. पहिले अवशेष सापडले २००३मध्ये, तेही गिर्यारोहकांना. २०२४मध्ये सैन्याच्या पथकाला आणखी चार मृतदेह मिळाले, पण बहुतेक जण अजून बर्फातच आहेत. त्यामुळे हिमाचलमधल्या लाहौलच्या चंद्रभागा शिखरांकडे, ढाका हिमनदीच्या बाजूला जाणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं.

वस्तू जिथे दिसते तिथे विमान पडलं, असं धरू नका. वर गाडली गेलेली वस्तू बर्फाबरोबर सरकत खाली येते आणि वितळण्याच्या पट्ट्यात उघडी पडते. म्हणूनच नोंदीत जागेइतकीच तारीखही महत्त्वाची. पुढच्या मोसमात तीच वस्तू तिथे नसेल.

जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरज नसते. फोन उघड्यावर दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा आणि अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत, कागदावर लिहा. थंडीत बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही. मग तीन फोटो: मागची डोंगरधार दिसेल असा लांबून, आजूबाजूच्या वस्तूंसह मधल्या अंतरावरून, आणि आकार कळावा म्हणून शेजारी आइस ॲक्स (बर्फात वापरायची कुदळ) ठेवून जवळून. धातूच्या पट्टीवर रशियन अक्षरं वा क्रमांक असतील तर त्यांचा वेगळा फोटो घ्या. घासून साफ करू नका, कोरलेलं झिजतं.

हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड. २०२४मध्ये ओळख पटली ती मृतदेहांसोबतच्या कागदपत्रांवरून. कोट झटकला, खिसा उलटा केला की भिजलेल्या कागदाचा लगदा होतो आणि नाव कायमचं जातं. आठवण म्हणून बटण उचलणं तर सरळ चोरीच. मृतदेह बर्फातून ओढूही नका, तुटतो. काडतुसं, सिलिंडर दिसले तर लांब राहा.

उन्हं चढली की ओढे फुगतात, दगड सुटतात. दुपारच्या आत तिथून निघा. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं भारतात बेकायदा आहे, म्हणून निरोप पायीच खाली न्यावा लागतो. रेंज आली की ११२ लावा, नाहीतर वाटेतल्या पहिल्या पोलीस किंवा सैन्याच्या चौकीवर कागद दाखवा. मृतदेहाचे फोटो फक्त त्यांनाच द्या, ग्रुपवर टाकू नका. मृतांच्या घरच्यांना ते आधी तिथे दिसायला नकोत.