बालीला निघालेले जपानी पासपोर्ट : या चुका टाळा

तोक्योत ट्रॅव्हलच्या टेबलामागे बसून मला आता बरीच वर्षं झाली. आपल्याकडच्या मिश्र घरांतली एक गंमत सांगते. नवरा भारतीय पासपोर्टवाला, बायको जपानी, किंवा उलट. सुट्टी बालीला. भारतीय माणूस आयुष्यभर व्हिसाच्या रांगा बघून शहाणा झालेला असतो, त्याचे कागद महिनाभर आधीच तयार. अडकतो तो जपानी जोडीदार. “आमच्या पासपोर्टला कुठे काय लागतं?” इंडोनेशियाला लागतं हो. २०२०च्या आधी जपानी लोकांना तिथे व्हिसाशिवाय जाता यायचं. ती सवलत कोविडात थांबली आणि २०२३मध्ये कागदोपत्रीही संपली. आता व्हिसा ऑन अरायव्हल, ५ लाख रुपिया, ३० दिवस. भारतीयांनाही तोच, त्याच भावात. म्हणून “आम्ही आधी जाऊन आलोय” म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी चष्मा लावून बसते.

आता माझं सगळ्यात नावडतं दुखणं : हौसेचे शिक्के. जपानात स्टेशनवर, देवळात, संग्रहालयात, जाल तिथे आठवण म्हणून उमटवायचा शिक्का ठेवलेला असतो. पोरं त्यासाठी वेगळी वही बाळगतात. गेल्या ओबोनच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या पितरांच्या सणाच्या सुट्टीत एक कुटुंब माझ्याकडून बालीला निघालं. आई, बाबा, आठ वर्षांचा मुलगा. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने आईचा पासपोर्ट चाळला आणि एका पानावर थांबली. कोऱ्या पानावर विमानाचं चित्र असलेला गोल लाल शिक्का! मागच्या एका सहलीत चिरंजीवांनी विमानतळावरच्या टेबलावर उमटवलेला. वही घरी राहिली होती म्हणे. आई हसत होती, “दाइजोबु, दाइजोबु,” म्हणजे काही होत नाही. काउंटरवरची मुलगी हसत नव्हती. सरकारी नसलेली कुठलीही खूण म्हणजे खराब केलेला पासपोर्ट, आणि इंडोनेशिया या बाबतीत फार कडक आहे. तिथून माणूस परत पाठवला तर आणायचा खर्च विमान कंपनीच्या बोकांडी, मग ती कशाला चढवून घेईल? बरं, नवा पासपोर्ट चार दिवसांत मिळावा, तर तेही नाही. मार्च २०२५पासून नव्या धर्तीचे पासपोर्ट सरकारी छापखान्यात एका ठिकाणी छापून येतात, साधारण दोन आठवडे लागतात. बालीतल्या उबुदच्या हॉटेलचे पैसे बुडाले. पोरगं रडून लाल.

चूक माझीही होती. मी फक्त फोटोच्या पानाचं स्कॅन मागवलं होतं. तेव्हापासून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्याचे फोटो मागवते. लोक कंटाळतात. कंटाळू देत. फाटलेला कोपरा, धुलाईयंत्रातून निघालेला पासपोर्ट, सुटलेली शिवण, सगळं त्यात दिसतं.

दुसरं दुखणं नावाचं. ओनो आडनावाचे दोन सख्खे भाऊ, एकाच्या पासपोर्टवर मधे एच आहे, दुसऱ्याच्या नाही. जपानी दीर्घ स्वर पासपोर्टवर साधारणपणे लिहीत नाहीत, पण अर्ज करताना मागितलं तर एच घालून मिळतो. मग क्रेडिट कार्डावर एक, तिकिटावर दुसरं, ऑनलाइन व्हिसाच्या अर्जात तिसरंच. माझी सवय अशी, की फोटोखालच्या बाणाबाणांच्या दोन ओळी समोर ठेवून अक्षर-अक्षर उतरवायचं. माणसाला त्याचं नाव विचारायचंच नाही.

जन्मसाल तर विचारूच नका. वयस्कर मंडळी सम्राटाच्या कारकिर्दीवरून साल मोजतात, शोवा अमुक म्हणून सांगतात आणि मुलगा घाईत मनातल्या मनात बेरीज करतो. शोवाला १९२५ मिळवायचे, हेइसेईला १९८८, रेइवाला २०१८. जपानी तारीख वर्षापासून सुरू होते, इंडोनेशियाचा फॉर्म दिवसापासून, तिथेही ठेचा लागतात.

बाकीच्या चुका भराभर सांगते. पासपोर्ट उतरल्या दिवसापासून सहा महिने वैध हवा. जपानात वर्षाहून कमी मुदत राहिली की नवा काढता येतो, मग वाट कसली बघता? तान्ह्या बाळालाही व्हिसा लागतो, पूर्ण पैशांत. बालीचा पर्यटक कर फेब्रुवारी २०२४पासून वेगळा आहे, दीड लाख रुपिया. तो भरला म्हणजे व्हिसा झाला असं नव्हे. ऑल इंडोनेशिया नावाचा आगमनाचा फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा, तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. सरकारी पत्ता ‘गो डॉट आयडी’ने संपतो. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसली म्हणून त्याच साइटवर कार्ड नंबर टाकणाऱ्यांची मला खरंच कीव येत नाही, दोन मिनिटं वाचायला काय होतं?

आणि आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांनो, जपानातून निघताना भरायच्या कार्डावर री-एन्ट्रीच्या, म्हणजे परत येणार असल्याच्या, चौकोनात खूण करा. जोडीदाराचे कागद निस्तरताना हे हमखास राहतं, आणि राहण्याचा परवाना जातो.

शेवटचं दिवसांच्या मोजणीचं. उतरलात तो दिवस पहिला, मग रात्री साडेअकराला उतरलात तरी. १ तारखेला उतरून ३१ला निघणारा एक दिवस जास्त राहिला आणि दिवसाला दंड १० लाख रुपिया. आकडा ऐकून माणसं पांढरी पडतात, मग येनमध्ये हिशेब करून सुस्कारा सोडतात. मी परतीचं तिकीट अठ्ठाविसाव्या दिवसाचंच काढून देते. दोन दिवस वाया गेले म्हणून कुरकुरणाऱ्यांनी आपलं तिकीट आपणच काढावं.