इंग्लंडच्या खेड्यांतले जुने पब कसे शोधावेत

जुना पब बाहेरून ओळखू येत नाही. गवती छप्पर, काळ्या तुळया, दारावर टांगलेल्या फुलांच्या कुंड्या हे सगळं महागड्या रेस्टॉरंटलाही असतं. ओळख पटते ती दार उघडल्यावर. आत एकच लांबलचक हॉल आणि टेबलाटेबलावर मांडलेले काटेचमचे दिसले, तर मधल्या भिंती कधीच पाडल्या आहेत असं समजा. खऱ्या जुन्या पबमध्ये लहान लहान खोल्या असतात, पायाखाली दगडी फरशी असते आणि शेकोटीला लागून उंच पाठीचं लाकडी बाकडं असतं. अगदी जुन्या ठिकाणी तर काउंटरच नसतो. डॉर्सेटमधल्या वर्थ मॅट्रॅव्हर्सच्या ‘स्क्वेअर अँड कंपास’मध्ये बिअर भिंतीतल्या खिडकीतून मिळते. सॉमरसेटमध्ये ह्यूइश एपिस्कोपीच्या ‘रोज अँड क्राउन’मध्ये गिऱ्हाईक थेट बिअर भरण्याच्या खोलीतच जाऊन उभं राहतं.

असे पब गावोगाव भटकून सापडतील या भरवशावर राहू नका. १९७१ साली स्थापन झालेली ‘कॅम्रा’ ही बिअरप्रेमी ग्राहकांची संस्था आहे. जुनी अंतर्रचना टिकवलेल्या पबांची तिची यादी इंटरनेटवर मोफत पाहता येते. त्यातून एक परगणा निवडा आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा, नारिंगी वेष्टनाचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा घ्या. त्यावर पब निळ्या मगाच्या खुणेनं दाखवतात आणि सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी. खूण आहे म्हणजे पब चालू आहे असं मात्र नाही, कारण खेड्यातले कितीतरी पब बंद पडून त्यांची घरं झाली आहेत.

दिवसाचा बेत उलटा, म्हणजे परतीपासून आखा. आधी शेवटची बस किंवा रेल्वेगाडी बघा, मग पबची वेळ, आणि निघायचं कधी ते सगळ्यात शेवटी. खेड्यांतल्या बस रविवारी बहुतेक नसतातच. पब दुपारी तीन ते सहा बंद असू शकतो, सोमवार-मंगळवारी तर दिवसभरही. जेवण साधारण बारा ते दोन आणि सहा ते नऊ एवढ्याच वेळेत मिळतं. इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असतात, म्हणून त्याच दिवशी सकाळी फोन करून दोन गोष्टी विचारा: आज उघडं आहे का, आणि स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? एका दिवसात दोन पब पुरेत. तिसरा घुसवला की बस चुकते आणि एकाही ठिकाणी धड बसणं होत नाही.

गाडी चालवणाऱ्यानं प्यायचंच नाही. इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे आणि भारतातल्या ३०च्या मानानं ती सैल वाटते. पण दोन्ही बाजूंना उंच कुंपणं असलेल्या, जेमतेम एक गाडी जाईल अशा रस्त्यांवर त्या मर्यादेचा आधार घेणं चूक आहे.

सुरुवातीला बर्कशरमधल्या ऑल्डवर्थचं ‘बेल इन’ निवडावं. एकाच कुटुंबाकडे अडीचशेहून अधिक वर्षं असलेला हा पब २०१९ साली कॅम्राच्या राष्ट्रीय सर्वोत्तम पब पुरस्काराचा विजेता होता. रेडिंगला आपली मराठी मंडळी बरीच आहेत. तिथून गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशन रेल्वेनं साधारण पाव तासावर आहे. थेम्सचा पूल ओलांडून स्ट्रीटलीत या. पुढे डांबरी रस्त्यानं चढू नका, पादचाऱ्यांना तो धोक्याचा आहे. ‘रिजवे’ या प्राचीन वाटेनं सुरुवात करून नकाशावरच्या पायवाटेनं डावीकडे गावाकडे वळा. पाच-सहा किलोमीटरचा चढ आहे, दोन तास धरा. पब दुपारी बंद व्हायच्या तासभर आधी पोहोचायचं, म्हणजे स्टेशनवरून बाराच्या आत निघायला हवं. वाटेत गावच्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातले नऊ प्रचंड दगडी पुतळे आहेत, तेही बघा. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, तेव्हा बॅटरी न्या. चिखलाचे बूट दारातच काढा.

टेबलावर कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही. काउंटरवर जायचं, आपल्या आधी कोण आलं ते लक्षात ठेवायचं आणि लगेच पैसे द्यायचे. टिप लागत नाही. थोडी रोकड आणि वयाचा पुरावा जवळ असू द्या.

बिअर घेताना काउंटरवरच्या हातपंपाची घ्या. ती पिंपात अजून आंबत असते, तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवलेली असते आणि वरून वायू न भरता पंपानं ओढून काढतात. म्हणून ती फ्रिजमधल्यासारखी गार किंवा फसफसणारी नसते, तिची चवच तशी. पिंप उघडल्यावर आत हवा शिरते आणि तीनेक दिवसांत बिअर उतरू लागते. नऊ गॅलनच्या ‘फर्किन’ पिंपात ५६८ मिलिलिटरचे ७२ पाइंट मावतात. आता हिशोब करा: ओस पडलेल्या पबात आठ पंप असतील, तर निम्मी पिंपं वेळेत संपणार नाहीत. तिथे दोन-तीन पंपांचाच पब बरा. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे. व्हिनेगरसारखा वास आला तर दोन घोटांतच ग्लास परत न्या आणि शांतपणे सांगा, बदलून देतात. अर्धा ग्लास संपवून गेलात तर अडचण. पूर्ण ग्लास एका पाइंटचा असतो, दोन पबांचा बेत असेल तर अर्धाच मागा. सॉमरसेट-डॉर्सेटची घरगुती सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, सरबतासारखी घशाखाली जाते, पण तिच्यात सहा-सात टक्के अल्कोहोल असतं.

शाकाहारी असाल तर बिअरबद्दलही विचारा. पिंपातली बिअर निवळायला अनेक ठिकाणी माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेलं ‘आयसिंग्लास’ वापरतात. उत्तरेकडे चिप्स कधी कधी गोमांसाच्या चरबीत तळतात, आणि ‘पोर्क स्क्रॅचिंग्ज’ म्हणजे डुकराची तळलेली कातडी. चीज, पाव, लोणचं आणि कांद्याचं ‘प्लाउमन्स लंच’ त्यातल्या त्यात सोपं. बशीत हॅम ठेवू नका, हे ऑर्डर देतानाच सांगायचं.