‘नो एंजल्स’चा पहिला अल्बम कसा ऐकावा

‘नो एंजल्स’ या पाच गायिकांच्या जर्मन गटाचा ‘एलमेंट्स’ हा पहिला अल्बम मार्च २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या तिन्ही देशांत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘पॉपस्टार्स’ या टीव्ही स्पर्धेतून हा गट निवडला गेला, म्हणून त्याची गाणी वरवर ऐकून बाजूला ठेवणे सोपे आहे. परंतु पाच वेगवेगळे गळे एका गाण्यात कसे बसवले जातात, हे समजून घ्यायला हा अल्बम फार चांगला आहे, आणि तो त्याच हेतूने ऐकावा.

प्रथम आवृत्ती तपासून घ्यावी. त्याच वर्षी हिवाळ्यात अल्बमची वाढवलेली विशेष आवृत्तीही निघाली. स्कॉटिश गायक डोनोव्हन यांच्यासोबत गायलेले ‘अटलांटिस’ मार्चनंतरच्या काळातले आहे, त्यामुळे सुरुवात मार्चच्या मूळ आवृत्तीनेच करावी. गाणी इंग्रजीत असल्याने जर्मन येत नसले तरी काही अडत नाही.

आरंभ ‘डेलाइट इन युअर आइज’ या पहिल्या गाण्याने करावा. आधी गाण्याचा व्हिडिओ किंवा मंचावरचे सादरीकरण पाहावे, कारण कोणती ओळ कोण गाते हे तिथे डोळ्यांना दिसते आणि नाद्या बेनाइसा, ल्युसी डियाकोव्स्का, सॅन्डी म्योलिंग, व्हॅनेसा पेट्रुओ व जेसिका वाल्स यांचे आवाज नावानिशी ओळखू येऊ लागतात. मग हेडफोन लावून तेच गाणे दोनदा ऐकावे. एकदा फक्त मुख्य आवाजाचा माग धरावा. दुसऱ्यांदा त्याच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून ध्रुवपदात मागे रचलेल्या साथीच्या आवाजांकडे लक्ष द्यावे. ही दुसरी फेरी टाळू नये.

सर्वाधिक वेळ ‘देअर मस्ट बी अॅन एंजल’ला द्यावा. हे मूळ गाणे युरिथमिक्स या ब्रिटिश जोडीचे, १९८५ सालचे. त्यात जोडीतल्या गायिका अॅनी लेनॉक्स शब्दांवाचून घेतलेल्या स्वरांनी सुरुवात करतात आणि मध्ये स्टीव्ही वंडर यांची हार्मोनिका येते. आधी ते मूळ गाणे ऐकावे, लगेच २००१ चे ऐकावे. एका गायिकेने पेललेली चाल अनेक गळ्यांत वाटली की गाण्याचा एकसंधपणा काहीसा कमी होतो, पण प्रत्येक नव्या आवाजागणिक त्याचा रंग बदलतो. मला मूळ गाणेच अधिक उंचीचे वाटते; तरीही ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य करावेच लागते.

त्यानंतर ‘रिव्हर्स ऑफ जॉय’ ऐकावे आणि मग संपूर्ण अल्बम, गाण्यांचा क्रम न बदलता, एका बैठकीत ऐकावा.

भारतीय श्रोत्याला आणखी एक तुलना हाताशी आहे. ‘पॉपस्टार्स’च्याच धर्तीवर चॅनल व्हीच्या स्पर्धेतून २००२ मध्ये ‘व्हिव्हा’ हा पाच मुलींचा गट निघाला, ज्यात नेहा भसीन व अनुष्का मनचंदा होत्या. त्यांची गाणी या अल्बमच्या जोडीने ऐकावीत. शेवटी ‘नो एंजल्स’चा २०२१ चा ‘२०’ हा अल्बम घ्यावा. त्यात जुनी गाणी नव्याने गायली आहेत, मात्र व्हॅनेसा पेट्रुओ त्यात नाहीत; त्यांच्या वाट्याच्या ओळी आता कोणाकडे गेल्या आहेत, ते स्वतः शोधून काढावे.