किडनी बदलल्यानंतर गोळीची वेळ कशी पाळावी

किडनी बदलून घरी आलेल्या माणसाला भेटायला खानापूर-चिकोडीकडचे पाहुणे येतात, तेव्हा अनेकदा प्रतिकारशक्ती वाढवणारा गुळवेलीचा काढा सोबत आणतात. तो मायेने घ्यावा आणि बाजूला ठेवावा, कारण येथे प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्याचे, म्हणजे नेमके उलटे काम चाललेले असते.

परकी किडनी ओळखलेल्या टी पेशी (रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशी) इंटरल्युकिन-२ नावाचे प्रथिन सोडतात, आणि हा निरोप मिळाला की त्याच पेशी झपाट्याने वाढून किडनीवर चालून जातात. टॅक्रोलिमस, म्हणजे किडनी बदलल्यानंतर रोज घ्यायची ती गोळी, या पेशींतील कॅल्सिन्यूरिन हे विकर अडवते, त्यामुळे हा निरोप पुरेसा तयारच होत नाही. गंमत अशी की, हल्ल्याला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही याच इंटरल्युकिन-२ वर जगतात. म्हणून औषधाने हल्ला थोपतो, परंतु शरीराने किडनी आपली मानली असे सहसा होत नाही. क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) उत्तम आहे म्हणून गोळी सोडणे धोक्याचे ठरते ते यामुळेच.

दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल, तर दोन वेळांत १२ तासांचे अंतर ठेवावे, आणि जेवणाशी तिचा मेळ डॉक्टरांनी सांगितला असेल तसाच रोज राखावा. रक्तातील औषधाची पातळी तपासायची असते ती सकाळच्या गोळीपूर्वी. बेळगावला तपासणीसाठी पहाटेची बस धरणारे कित्येक जण सवयीने घरीच गोळी घेऊन निघतात. मग पातळी खोटी वाढलेली दिसते आणि मात्रा विनाकारण कमी होऊ शकते. त्या दिवशी गोळी खिशात ठेवावी, रक्त द्यावे, मगच ती घ्यावी.

निपाणीकरांना औषधासाठी कोल्हापूर जवळचे वाटते, त्यात गैर काही नाही. मात्र दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे केली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल आणि डिल्टियाझेम या औषधांनी टॅक्रोलिमसची पातळी चढते, रिफाम्पिसिन आणि फेनिटॉइन यांनी उतरते. जुलाबातही ती चढू शकते. गावच्या दवाखान्यात साध्या खोकल्यासाठी गेलात, तरी किडनी बदलल्याचे आधी सांगावे.

ताप आला, लघवी कमी झाली किंवा ओटीपोटात बसवलेल्या किडनीच्या जागी दुखू लागले, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे. पुष्कळदा यांपैकी काहीच जाणवत नाही, फक्त क्रिएटिनिन वाढते. म्हणून बरे वाटत असले तरी तपासणीची तारीख चुकवू नये.