गाडी ऑइल खातेय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

गाडी ऑइल खाते म्हटलं की बऱ्याच गॅरेजांत थेट रिंग-पिस्टनच्या कामाचा खर्च सांगितला जातो. ते काम सगळ्यात शेवटी. आधी ऑइल नेमकं किती जातंय ते मोजा.

गाडी सपाट जागी लावा. इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पातळी पाहा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याच्या वर नको. जास्त झालेलं ऑइल क्रँकच्या फटक्याने फेसाळतं आणि ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर नेणाऱ्या पाइपातून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, जाऊन जळतं. हजार किलोमीटर झाले की त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा खुणेपर्यंत भरा. भरण्याआधी आणि नंतर ऑइलच्या कॅनचं वजन करा. ऑइलची घनता साधारण ०.८५ असते, म्हणजे १७० ग्रॅम लागलं तर २०० मिली खर्च झालं. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरही चालेल असं लिहिलेलं असतं. तो आकडा कंपनीच्या सोयीचा. धडधाकट पेट्रोल इंजिन एवढ्या अंतरात सहसा २०० मिलीच्या आत राहतं. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर कारण शोधायलाच हवं.

आधी बाहेरची गळती

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच, ड्रेन बोल्टचा वॉशर, क्रँकचं पुढचं आणि मागचं सील ही नेहमीची ठिकाणं. डिग्रीझरने इंजिन पुसून शे-दोनशे किलोमीटर चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा हीच खरी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असतील तर मागच्या सीलचा संशय घ्या, पण वरून टॅपेट कव्हर गळत नाही याची खात्री केल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नका.

मग पीसीव्ही व्हॉल्व्ह

क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा हा स्वस्त भाग भल्याभल्यांना चकवतो. तो उघडा अडकला तर इनटेक ऑइलची वाफ ओढत राहतो, आणि तुंबला तर क्रँककेसमधला दाब वाढून सीलमधून ऑइल बाहेर पडतं. आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर पातळ कागद ठेवा. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. झाकण निघतच नसेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर डायफ्रॅम फाटल्याची शक्यता मोठी. कागद फडफडत वर उडाला तर ब्रीदर तुंबलाय किंवा इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली उतरतोय. ब्रीदरचे पाइप साफ करून, व्हॉल्व्ह बदलून पुन्हा हजार किलोमीटरची मोजणी करा.

धूर आणि प्लग

निळसर धूर म्हणजे जळणारं ऑइल. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच एक भपका येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. चढावर जोर देताना सतत येत असेल तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). लांब घाट गिअरमध्ये उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच येत असेल तर बहुतेक वेळा सील, पण अडकलेली ऑइल रिंगही असंच करते. टर्बो गाडीत इंटरकूलरचा पाइप काढून पाहा. थोडा ओलसरपणा चालतो, ऑइल साचलेलं नको. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर लपवतो. शेवटी प्लग काढा. एकच प्लग काळा, तेलकट असेल तर तो सिलिंडर गुन्हेगार.

कॉम्प्रेशन चांगलं आलं तरी फसू नका

आता गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंजेक्टर बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने पाच-सहा फेरे. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय यावं, आणि सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

पण दाब धरतात वरच्या दोन रिंगा. बोअरवरचं ऑइल खरवडून खाली पाठवायचं काम तिसऱ्या, ऑइल रिंगचं. तिच्यामागची छिद्रं कार्बनने बुजली तर कॉम्प्रेशन उत्तम येतं आणि ऑइल तरीही जातं. अमेरिकेत २००७ ते २००९च्या टोयोटा कॅमरीच्या २.४ लिटर इंजिनात ऑइल खाण्याचा असाच प्रश्न होता. त्यावर पिस्टन आणि रिंगा दोन्ही बदलून दिल्या गेल्या.

दुरुस्ती

व्हॉल्व्ह सील दोषी असतील तर हेड उतरवायची गरज नाही. कॅमशाफ्ट काढण्याआधी टायमिंगच्या खुणा करा. सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणा आणि प्लगच्या भोकातून ६-७ बार हवा द्या, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही. पिस्टन थोडा जरी खाली असला तरी हवेच्या दाबाने क्रँक फिरेल. ऑइलच्या वाटा कापडाने बुजवा, नाहीतर स्प्रिंगचे लॉक चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) गेलेच म्हणून समजा. व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये (नळीत) खेळत असेल तर नवं सीलही टिकणार नाही. मग हेडचंच काम.

ऑइल रिंग अडकली असेल तर आधी पिस्टन सोक करून, म्हणजे क्लीनरमध्ये भिजवून पाहा. चार सिलिंडरच्या गाडीत सगळे पिस्टन मधल्या उंचीवर आणा, प्रत्येकात ५० मिलीच्या आसपास रिंग क्लीनर ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लग न लावता, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, भोकांवर कापड टाकून क्रँक करा. आत द्रव उरलेला असताना प्लग लावून स्टार्टर मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. क्लीनर चेंबरमध्ये झिरपतो, म्हणून त्याच ऑइलवर इंजिन चालवू नका. ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. घासलेल्या रिंगवर किंवा ओरखडलेल्या बोअरवर याचा उपयोग नाही. तिथे बोअर मोजून होनिंग (घासणं) किंवा बोअरिंग (भोक मोठं करणं), आणि नव्या रिंगा.

घट्ट ऑइल घालण्याचा सल्ला मिळेलच. मॅन्युअलमध्ये पातळ ०डब्ल्यू-२० सोबत त्याहून घट्ट ५डब्ल्यू-३० ला परवानगी असेल तर जरूर घाला, खप थोडा कमी होईल. परवानगी नसेल तर व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक वाटा आणि हायड्रॉलिक टॅपेट त्रास देतील.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत ती काजळी जाळताना थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तिथे पातळी स्थिर असूनही ऑइल जळत असू शकतं, आणि पातळी वरच्या खुणेच्या वर गेली तर ऑइल तेव्हाच बदलावं लागतं.