उसनी: काल्पनिक समुद्रासाठी परजीवी कसा रचावा

मिरकरवाड्याच्या बंदरावर माझी आत्या मासळी विकायची. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्या पाटीशेजारी बसलेली असायचे. एकदा गिऱ्हाइकाला ताजेपणा दाखवायला तिने बांगड्याचा कल्ला उचलला, तर आत पांढुरका किडा. बोटाच्या पेराएवढा, पाठीवर आडव्या पट्ट्यांचं कवच, पायांच्या आकड्यांनी लाल कल्ला घट्ट धरलेला. आत्याने नखाने ओढला तेव्हा त्याच्याबरोबर कल्ल्याचा तुकडाही आला. "मासा मेला तरी सोडत नाही बघ," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला दुसरा बांगडा दिला.

मी तो किडा करवंटीत खारं पाणी घालून ठेवला. तो पोहेना, चालेना. पाय नुसते मिटत आणि उघडत होते. ते पकडण्यासाठीच बनलेले होते आणि करवंटीत पकडायला काही नव्हतं. अर्धा तास मी ते बघत बसले होते.

आता मी मुलांसाठी अद्भुत कथा लिहिते. माझ्या सात बेटांच्या जगात एक परजीवी आहे, त्याचं नाव उसनी. ती रचायला मला खूप वेळ लागला, कारण आधी मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली होती. माझ्या पहिल्या प्राण्याला दात होते, विष होतं, आणि ज्या माशाला तो शिवे तो मासा तडफडून मरे. दोन प्रकरणांत समुद्र रिकामा झाला आणि कथा संपली. मारून खाणारा तो शिकारी. परजीवीला यजमान, म्हणजे ज्याच्या अंगावर तो जगतो तो जीव, जिवंत हवा असतो, निदान स्वतःचं काम होईपर्यंत तरी. बांडगूळसुद्धा आंब्याच्या फांदीवर वाढतं ते आंबा उभा आहे म्हणून.

म्हणून पहिलं काम हे: परजीवी बाजूला ठेवा आणि यजमान रचा. त्याचा दिवस कसा जातो, तो कुठे जन्मतो, काय खातो, त्याला कोण खातं, आणि तुमच्या जगातली माणसं त्याच्यावर कशासाठी विसंबतात, एवढं कागदावर येईपर्यंत परजीवीचं नावही काढू नका.

माझा यजमान मला घोळीवरून सुचला. घोळ, ढोमा या कुळातले मासे आवाज काढतात. पोटातल्या हवेच्या पिशवीच्या बाजूचे स्नायू भराभर आकसतात आणि पिशवी ढोलकीसारखी घुमते. घोळीच्या या पिशवीला आपल्याकडे बोत म्हणतात, आणि मांसापेक्षा बोताला जास्त भाव मिळतो. माझ्या जगातला हुंकारा हा असाच, पण पुरुषभर लांब. बेटांच्या भोवती खडकांची रांग आहे, तिच्यातून बंदरात शिरायला एकच खोल वाट. हुंकारे त्या वाटेत राहतात आणि दिवस मावळला की घुमतात. धुक्याच्या महिन्यात नावाडी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडतात, मूठ कानाला लावतात आणि त्या आवाजाच्या मागाने घरी येतात.

एवढं लिहून झाल्यावर परजीवीने शरीरात कुठे बसायचं हे मला शोधावंच लागलं नाही. यजमानाचं सगळ्यात मोलाचं जे असेल, तिथे बसवा.

आता देवाणघेवाण ठरवायची. इथे खऱ्या समुद्राकडून शिकण्यासारखं खूप आहे. मध्य अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर सायमोथोआ एक्झिग्वा नावाचा परजीवी आहे, माझ्या बांगड्यातल्या किड्याचा नातलग. तो कल्ल्यातून माशाच्या तोंडात शिरतो. मादी जिभेला धरून रक्त पिते, जीभ सुकून झडते, आणि उरलेल्या खुंटाला धरून मादी तिथेच राहते. रिचर्ड ब्रुस्का आणि मॅथ्यू गिलिगन यांनी १९८३ साली तांबोशाच्या जातीच्या एका माशात हे दाखवून दिलं, की मासा त्या किड्याला जिभेसारखं वापरतो. जे खाल्लं, त्याची जागा स्वतः भरली. मला हे नुसत्या रक्त पिण्यापेक्षा फार भयंकर वाटतं. मासा जगतो, खातो, पोहतो, फक्त त्याच्या तोंडातली जीभ त्याची नाही.

तर तुमचा परजीवी काय घेतो हे लिहाच, पण त्या जागी काय ठेवतो तेही लिहा. उसनी बोताच्या बाजूचा स्नायू खाते आणि त्या पोकळीत आडवी बसते. मग बोतावर ती स्वतः आकसते, सैलावते. हुंकारा घुमत राहतो. कळपातले बाकीचे हुंकारे त्याला ओळखतात, नावाड्यांनाही तो ऐकू येतो. फरक एकच: निरोगी हुंकारा भक्ष्य गिळताना क्षणभर थांबतो, कारण गिळणं आणि घुमणं त्याला एकदम जमत नाही. उसनी थांबत नाही. असा एक फरक ठेवाच, आणि तो कान, डोळे किंवा बोटं यांना कळेल असाच ठेवा. मंत्राने किंवा जादूच्या आरशात कळणारा फरक कथेला काही देत नाही.

पुढचं काम सगळ्यात चिवट आहे: पिल्लांचा प्रवास. पूर्ण वाढलेला परजीवी जागचा हलत नाही, माझ्या करवंटीतल्यासारखा. मग त्याची पिल्लं पुढच्या यजमानापर्यंत पोचतात कशी? खूपशा काल्पनिक परजीवींचं पितळ इथेच उघडं पडतं.

दोन खरी उदाहरणं देते, कारण उसनी त्यांच्यातूनच घडली. पहिली सॅक्युलिना. खडकाला चिकटलेली, अनवाणी पाय पडला की सोलून काढणारी बार्नॅकल तुम्हाला माहीत असतील. ही त्यांच्याच कुळातली. पण मोठेपणी ती खेकड्याच्या पोटाखालच्या नुसत्या पिवळट पिशवीसारखी दिसते, ना कवच ना पाय. तिचं कूळ कळलं ते तिच्या पोहणाऱ्या पिल्लांवरून. पिल्लू खेकड्यावर उतरतं, आपलं कवच टाकतं आणि पेशींचा बारीकसा पुंजका खेकड्याच्या अंगात सोडतं. तो मुळांसारखा आतभर पसरतो. मग मादी खेकडा जिथे अंडी सांभाळते, नेमकी तिथेच ती पिशवी बाहेर येते. खेकड्याचं कात टाकणं थांबतं, वीण थांबते, आणि तो त्या पिशवीलाच आपली अंडी समजून साफ करतो, वारा घालतो. कुर्ली उलटी करून पोटाची पट्टी बघायला मला आत्यानेच शिकवलं होतं: चिंचोळी असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. सॅक्युलिना लागलेल्या नराची पट्टी मादीसारखी रुंद होत जाते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या खाड्यांतलं. तिथला एक चपटा कृमी आधी गोगलगाईत वाढतो, मग किलिफिश नावाच्या छोट्या माशाच्या मेंदूवर जाऊन बसतो, आणि शेवटी त्याला पक्ष्याच्या पोटात पोचायचं असतं. कृमी लागलेला मासा पृष्ठभागाशी येतो, थरथरतो, अंग वळवून पोट चमकवतो. केव्हिन लॅफर्टी आणि किमो मॉरिस यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पक्ष्यांनी असे मासे निरोगी माशांपेक्षा १० ते ३० पट जास्त उचलले.

आता एक कोरा कागद घ्या आणि गोल काढा. अंडं, पिल्लू, पहिला यजमान, दुसरा असेल तर दुसरा, परत अंडं. मधल्या प्रत्येक बाणावर कसं ते लिहा: कोणत्या पाण्यातून, दिवसाच्या कोणत्या वेळी, शरीराच्या कोणत्या दारातून. उसनीचा गोल असा होता. उसनीला शेवटी खडकांवर वस्तीला येणारं समुद्रपाखरू हवं. म्हणून उसनी लागलेला हुंकारा संध्याकाळी खोल वाट सोडून खडकांवरच्या उथळ पाण्यात जातो आणि तिथे घुमतो. पाखरं त्याला टोचून खातात. त्यांच्या पोटात उसनीची अंडी तयार होतात आणि विष्ठेतून खडकावर पडतात. भरतीचं पाणी अंडी धुऊन नेतं, पिल्लं फुटतात आणि हुंकाऱ्याच्या कल्ल्यातून आत शिरतात.

हा शेवटचा बाण तुटत होता. अंडी खडकावर, हुंकारे खोल वाटेत, आणि नखाएवढं पिल्लू एवढं अंतर ओहोटीच्या विरुद्ध कसं कापणार? दोन आठवडे मी अडले होते. पिल्लांना पंख, प्रवाहाला जादू, सगळं करून पाहिलं आणि फाडून टाकलं. मग यजमानाचा कागद परत काढला. तो कुठे जन्मतो, या प्रश्नापुढे मी "समुद्रात" एवढंच लिहून मोकळी झाले होते. ते खोडून मी लिहिलं: हुंकाऱ्याची पिल्लं खडकांतल्या डबक्यांत वाढतात, आणि हात-दीड हात झाली की खोल वाटेला लागतात. बाण जुळला. त्याबरोबर एक गोष्ट आपोआप आली, जी मी मुद्दाम शोधून काढली नसती: हुंकाऱ्याला उसनी लागते ती लहानपणी, आणि मरायला ती त्याला पुन्हा त्याच डबक्यांपाशी घेऊन जाते.

नावाडी आवाजाच्या मागाने जातात आणि खडकांवर फुटतात, ते या गोलाच्या बाहेर आहे. उसनीला होडी म्हणजे काय हे ठाऊकच नाही. तिला दुष्ट करण्याचा मोह आवरा. तिला माणसांचा राग आहे असं ज्या दिवशी लिहाल, त्या दिवशी ती राक्षस होईल, आणि राक्षस तुमच्याकडे आधीच भरपूर असतील.

प्रमाणही ठरवून टाका. सगळेच हुंकारे बाधित झाले तर वाट मुकी होईल आणि उसनीही संपेल. माझ्याकडे नेहमीच्या वर्षी दहांत एक, वाईट वर्षी तीन.

माणसांकडे शेवटी या, पण घाईने नको. नाव द्यायचं ते कोळणीच्या तोंडी बसेल असं द्या. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली की ती परत करायची असते. बेटांवरचे लोक म्हणतात, माशाचा आवाज या किड्याने उसना घेतलाय आणि परत करायची नियत नाही, म्हणून ती उसनी. मग बाजार. बोत विकत घेणारी बाई तो दिव्यासमोर धरते. निरोगी बोत मधासारखा पारदर्शक दिसतो. त्यात वालाच्या दाण्यासारखी काळपट सावली असेल तर ती बोत खाली ठेवते आणि काही न बोलता पुढच्या पाटीकडे जाते. विकणारीही काही बोलत नाही. मग नियम: उसनी लागलेला मासा जाळायचा, पाखरांना घालायचा नाही. हा नियम गोलातून आला आहे, पण बेटांवर कारण कुणाला आठवत नाही, नुसता नियम उरला आहे. माझी नायिका नऊ वर्षांची आहे आणि तिने पंख मोडलेलं एक पाखरू पाळलंय. तिच्या हातात तसा मासा येतो. यापुढे मला कथानक जुळवावं लागलं नाही.

लिहायला बसाल तेव्हा तो गोलाचा कागद भिंतीवर लावा आणि वाचकाला दाखवू नका. त्यातला एकेक बाण हवा तेव्हाच उघडा, आणि पहिला उघडाल तो यजमानाच्या बाजूने. माझ्या कथेत "उसनी" हा शब्द सोळाव्या पानावर येतो. पहिल्या पानावर फक्त धुकं आहे, वल्ह्याची मूठ कानाला लावून बसलेला म्हातारा नावाडी आहे, आणि हुंकारा जिथे थांबायला हवा तिथे थांबलेला नाही.